मेंदू आधी वाचतो, पण किंमत मोजून!

आज घरी गेलात की आईला विचारा, 'जन्मलो तेव्हा माझं वजन किती होतं गं?' अडीच किलोपेक्षा कमी असेल, तर वैद्यकीय भाषेत तुम्ही 'कमी वजनाचं बाळ' होतात. घाबरू नका, तुम्ही एकटे नाही. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, वजनाची नोंद असलेल्या बाळांपैकी सुमारे १८ टक्के बाळं या रेषेखाली होती.

काही बाळं दिवस भरायच्या आत जन्मतात म्हणून लहान असतात. काहींचे आईबाबाच चणीने लहान. पण काहींची वाढ पोटातच खुंटते. आईचा बीपी वाढलेला, अंगात रक्त कमी, पोटभर जेवण नाही, तंबाखू-मिश्रीची सवय, अशी कारणं बरीच. वार नीट काम करत नसेल, तर नाळेतून येणारा ऑक्सिजन आणि पोषण कमी पडतं.

मग बाळ काय करतं? महिनाअखेरीला आपण करतो तेच! पिक्चर बंद, कटिंग बंद, पण मोबाइलचा रिचार्ज होतोच ना? बाळही तसंच हात-पाय, आतडी, मूत्रपिंडं यांचं रक्त कमी करून मेंदूकडे आणि हृदयाकडे वळवतं. डॉपलर सोनोग्राफीत डॉक्टरांना हे दिसतं.

चला, मेंदू तर वाचला! असं वाटतं खरं, पण ही काटकसर सुरू होणं हीच धोक्याची घंटा आहे. शेवटच्या तीन महिन्यांत मेंदू झपाट्याने वाढतो. त्याला घड्या पडतात, पेशी एकमेकींशी जोडल्या जातात, वायरवर प्लॅस्टिक असतं तसं त्यांच्या तंतूंवर मायलिनचं आवरण चढायला लागतं. तुटवडा असेल तर हे काम मागे पडतं. अशा बाळांच्या मेंदूचं आकारमान सरासरीने कमी भरल्याचं एमआरआयच्या अभ्यासांत दिसलंय. पुढे लक्ष लागणं, लक्षात राहणं यात अडचण येऊ शकते.

येऊ शकते, येतेच असं नाही. मेंदू जन्मानंतरही घडत राहतो. आईचं दूध, छातीशी धरून दिलेली ऊब, गप्पा, खेळ यांनी पुष्कळ फरक पडतो. त्यामुळे जन्माच्या वजनावरून कुणाची हुशारी ठरवू नका.

आणि वजनाच्या काट्यावर सगळं दिसतही नाही. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या टीमने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या आया आणि मुलांचा अभ्यास केलाय. ज्यांच्या आईच्या रक्तात गरोदरपणी बी-१२ जीवनसत्त्व कमी होतं, ती मुलं नऊ वर्षांची झाल्यावर लक्ष आणि स्मरणशक्तीच्या चाचण्यांत सरासरीने मागे राहिली.

'पण आम्हाला हे आत्ता का सांगताय?' कारण गरोदर राहिल्यावर काळजी सुरू केली, तर थोडा उशीर झालेला असतो. मुंबईच्या वस्त्यांमध्ये बायकांना दिवस जाण्याआधीपासून पालेभाजी, फळं आणि दूध घातलेला खाऊ रोज दिला गेला. या प्रयोगाचे निष्कर्ष २०१४ साली आले. सगळ्यांचा एकत्र हिशेब केला तर बाळांच्या वजनात ठळक फरक नव्हता. पण ज्यांनी दिवस जाण्याच्या किमान तीन महिने आधी खाऊ सुरू केला होता, त्यांची बाळं सरासरी ४८ ग्रॅमने जास्त भरली.

आता आपल्या कट्ट्यावर या. त्याच सर्वेक्षणात १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुली अ‍ॅनिमिक निघाल्या. एनएसएसच्या रक्तदान शिबिरातून 'हिमोग्लोबिन कमी आहे' म्हणून परत आलेली मैत्रीण प्रत्येक ग्रुपमध्ये असते. आपण हसतो आणि विषय सोडून देतो. पुढे मूल हवं की नको, हा तिचा प्रश्न. पण वर्गात येणारा थकवा तर आजचाच आहे! तेव्हा तपासणी करून घ्या, डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या पूर्ण करा, डाएटच्या नावाखाली डबा टाळू नका.

आणि मुलांनो, पान उलटू नका. घरात सगळ्यांत शेवटी कोण जेवतं आणि तिच्या ताटात भाजी उरते का, एवढं आज रात्री बघा. उरत नसेल, तर उद्यापासून सगळे एकत्र बसा.