रिठा-शिकेकाईचे पाणी : काय करते, काय करत नाही

दामूनगर असो, हनुमाननगर असो की लालजीपाडा, कांदिवलीतल्या आपल्या वस्त्यांत किराणा दुकानाच्या दारात शाम्पूच्या पुड्यांच्या माळा लटकलेल्या असतात. त्याच दुकानात आत रिठे, शिकेकाई आणि सुका आवळाही मिळतो. केस गळू लागले, कोंडा झाला, डोक्यात उवा झाल्या की शेजारपाजारचे सांगतात, ‘शाम्पू सोड, शिकेकाई लाव, सगळे थांबेल.’ यात अर्धे खरे आहे. रिठा-शिकेकाई केस चांगले धुते. पण केसांमागचा आजार ती बरा करत नाही. हा फरक आपण समजून घेऊ.

केस कसे स्वच्छ होतात?

रिठ्याच्या सालीत आणि शिकेकाईच्या शेंगेत सॅपोनिन नावाचा फेसाळ पदार्थ असतो. तो तेल आणि मळ धरून पाण्याबरोबर वाहून नेतो. अंगाच्या साबणाने केस धुतले की ते राठ होतात. बोअरच्या क्षाराच्या पाण्यात तर साबणाचा पांढरट थर केसांवर बसतो. रिठा-शिकेकाईचा असा थर बसत नाही. फेस मात्र शाम्पूइतका येत नाही. म्हणून केस निघाले नाहीत असे समजू नये. फेस वेगळा आणि स्वच्छता वेगळी.

पाणी कसे करावे?

दोघींच्या न्हाण्यासाठी पाच-सहा रिठे बी काढून, चार-पाच शिकेकाईच्या शेंगा आणि मूठभर सुका आवळा घ्यावा. रात्री तांब्याभर पाण्यात, स्टीलच्या पातेल्यात भिजत घालावे. सकाळी मंद आचेवर दहा-पंधरा मिनिटे उकळावे. कोमट झाल्यावर हाताने कुस्करून सुती फडक्यातून गाळावे. केस आधी ओले करून हे पाणी थोडे थोडे मुळांशी चोळावे आणि मग साध्या पाण्याने नीट धुवावे. आठवड्यातून एक-दोनदा पुरे.

केस कोरडे असतील तर शेवटी जास्वंदीच्या पानांचे किंवा रात्री भिजवलेल्या मेथीचे बुळबुळीत पाणी गाळून लावावे, पाच मिनिटांनी धुवावे. केस मऊ होतात, गुंता सहज सुटतो.

काही गोष्टी सांभाळाव्यात :

- हे पाणी डोळ्यांत गेले तर फार झोंबते. लहान मुलांचे डोके मागे करून धुवावे. डोळ्यांत गेलेच तर लगेच भरपूर स्वच्छ पाण्याने डोळे धुवावेत.
- उरलेले पाणी साठवू नये, ते आंबते.
- पहिल्यांदा वापरताना कोपराच्या आतल्या बाजूला थोडे लावून एक दिवस पाहावे. खाज किंवा पुरळ आल्यास वापरू नये.
- ‘काळी मेंदी’ म्हणून मिळणाऱ्या पुड्यांत बऱ्याचदा पीपीडी हे रसायन असते. त्याने काहींचे डोके, चेहरा सुजतो. पुडीवर ‘हर्बल’ लिहिले म्हणून विश्वास ठेवू नये, आतले घटक वाचावेत.
- राष्ट्रीय उद्यान आपल्या शेजारी असले तरी तिथला पाला, शेंगा तोडणे हा कायद्याने गुन्हा आहे.

उवा आणि लिखा

या पाण्याने लिखा मरत नाहीत. ओल्या केसांतून बारीक दातांची फणी दर तीन दिवसांनी, निदान दोन आठवडे फिरवावी, कारण लिखांतून साधारण सात ते दहा दिवसांत नव्या उवा बाहेर येतात. घरातल्या सगळ्यांचे डोके एकाच दिवशी तपासावे. औषध लागल्यास डॉक्टरांना विचारून घ्यावे. रॉकेल किंवा ढेकणांचे औषध डोक्याला कधीही लावू नये. एका खोलीच्या घरात गॅसशेजारी रॉकेल लावलेले डोके म्हणजे आगीला आमंत्रण.

जट

केस बरेच दिवस धुतले-विंचरले नाहीत की ते एकमेकांत अडकून घट्ट होतात. हीच जट. ती देवीची नसते. तिच्या ओझ्याने मान दुखते, आत उवा आणि जखमा होतात. सुरुवातीचा गुंता तेल लावून, धुऊन सुटतो. जुनी जट कापावीच लागते, आणि कापल्याने कोणाचे वाईट होत नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी 1989 साली स्थापन केलेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी राज्यातल्या अनेक स्त्रियांच्या जटा त्यांची समजूत घालून सोडवल्या आहेत. आपल्या नात्यात, गावाकडे अशी कोणी आजी-मावशी असेल तर तिच्याशी रागाने नव्हे, मायेने बोलावे.

केस गळत असतील तर

रोज पन्नास ते शंभर केस गळणे स्वाभाविक आहे. बाळंतपणानंतर किंवा डेंग्यू, टायफॉइडसारख्या तापानंतर दोन-तीन महिन्यांनी केस जास्त गळतात आणि बहुधा पुन्हा येतात. पण त्याशिवाय गळत असतील, सोबत थकवा, धाप, चक्कर असेल तर दोष केसांत नाही, रक्तात असू शकतो. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्ताची कमतरता आढळली. गरोदर नसलेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन 12 पेक्षा कमी असेल तर उपचार हवेत. थायरॉइडच्या बिघाडानेही केस गळतात.

महागडे तेल घेण्याआधी महापालिकेच्या जवळच्या दवाखान्यात रक्त तपासून घ्यावे. डोक्यावर गोल चट्टे पडले, पू झाला किंवा कोंडा महिनाभर हटला नाही, तर कांदिवली पश्चिमेच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर रुग्णालयात, म्हणजे आपल्या ‘शताब्दी’त, दाखवावे. रिठ्याने न्हाणे चालू ठेवावेच. पण घरातल्या बाईच्या ताटात रोज पालेभाजी, डाळ, जमेल तेव्हा अंडे किंवा मासळी आहे का आणि ती सगळ्यांच्या शेवटी उरलेले तर खात नाही ना, हेही आपण घरातल्या सर्वांनी पाहावे.