चाळिशी आणि डॉ. बेट्स

‘चाळिशी’ हा शब्द आपल्या भाषेंत वयाचाहि वाचक आहे आणि चष्म्याचाहि. आमच्या रोहण्यासारख्या गांवीं कोणी वर्तमानपत्र हातभर लांब धरून वाचूं लागला, कीं ‘आतां चाळिशी लावा’ असें शेजारीच त्यास सांगतो. ही चाळिशी कायमची उतरवितां येईल, असें न्यूयॉर्कच्या एका नेत्रवैद्यानें प्रतिपादिलें व तें अनेक सुशिक्षितांस पटलें. त्यांचें नांव डॉ. विल्यम होरॅशियो बेट्स.

बेट्स १८६० मध्यें जन्मले, १८८५ मध्यें डॉक्टर झाले आणि १९२० मध्यें त्यांनीं आपला ग्रंथ स्वतःच प्रसिद्ध केला. त्यांचें म्हणणें असें, कीं जवळचें व दूरचें पाहतांना डोळ्यांतील भिंग आकार बदलीत नाहीं. बाहेरील स्नायु सबंध नेत्रगोलासच लांबट वा आंखूड करितात. मनावरील ताणानें हे स्नायु आवळले, कीं दृष्टि बिघडते. यास्तव तळव्यांनीं डोळे झांकून विसावा द्यावा, नजर झुलती ठेवावी, डोळ्यांवर ऊन घ्यावें. १९३१ मध्यें बेट्स वारले. पण १९४२ मध्यें आल्डस हक्सले यांनीं त्यांची बाजू मांडणारें पुस्तक लिहिलें, आणि आपल्या देशांत दिल्लीच्या डॉ. अगरवाल यांनीं या पद्धतीचा प्रसार केला.

हें मत कसोटीस उतरतें काय? पूर्वी मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेंत डोळ्यांतील भिंगच काढून टाकीत. बाहेरील स्नायु शाबूत असतांहि अशा रोग्याची नजर जवळदूर जुळवून घेण्याची शक्ति नाहींशी होई, आणि त्यास जाड कांचांचा चष्मा लागे. म्हणजे हें काम भिंगाचेंच. वयोमानानें तें ताठर होतें, तीच चाळिशी.

मग कित्येकांस गुण आला तो कसा? डोळे मिटल्यानें शीण जातो, आणि अस्पष्ट अक्षरें ओळखण्याचा सराव होतो. हें सुख खरें. पण चष्म्याचा नंबर त्यानें बदलत नाहीं.

विसावा अवश्य घ्यावा. मात्र सूर्याकडे टक लावून पाहूं नये; त्यानें डोळ्याचा अंतःपटल भाजतो. काचबिंदु तर गाजावाजा न करतां दृष्टि गिळतो. व्यायामांत दवडलेले दिवस तेथें परत मिळत नाहींत. फळ्यावरील अक्षर न दिसणारें मूल वर्गांत ‘ढ’ ठरतें, आणि वेळीं चष्मा न मिळाल्यास त्याचा एखादा डोळा कायमचा मंद राहूं शकतो. म्हणून आधीं डोळे तपासून घ्यावे. विसाव्याचे प्रयोग मागाहून.