सोयाबीन चालतं, ज्वारी अडते

लेखमाला : प्रोग्रामच्या पोटातली भाषा – भाग ६

गेल्या भागापर्यंत आपण पायथन किंवा लुआसारखी भाषा एखाद्या डेस्कटॉप प्रोग्रामच्या आत कशी बसवतात ते पाहिलं. आता ती बसवल्यावर काय काय अडतं, त्याकडे वळू. बांधावर जेवढी भांडणं होतात तेवढी शेताच्या मधोमध होत नाहीत, तसंच इथेही आहे. यजमान प्रोग्राम चांगला असतो, आतली भाषाही चांगली असते. चूक सापडते ती दोघांच्या हद्दीवर, आणि ती तिथे शोधायची सवय नसल्याने माणूस दिवसचे दिवस स्क्रिप्टच्या ओळी तपासत बसतो.

उदाहरण आपल्याच भागातलं घेऊ. रेणापूरला एक आडत दुकान आहे असं धरा. रोजच्या आवकेची एक सीएसव्ही फाइल तयार होते. पहिल्या रकान्यात माल, दुसऱ्यात वजन, तिसऱ्यात भाव. लिबरऑफिस कॅल्कमध्ये एक बटण आहे. ते दाबलं की पायथनची छोटी स्क्रिप्ट ही फाइल वाचते, मालनिहाय बेरीज करते आणि बेरजेची नवी फाइल लिहून ठेवते. मूग-उडदाच्या दिवसांत ती चालली. सोयाबीन आलं, तूर आली, हरभरा आला, तरी चालली. मग एके दिवशी फाइलमध्ये ज्वारीची एक नोंद आली आणि स्क्रिप्ट तिथेच थांबली. कोड तोच, संगणक तोच. लिबरऑफिसने दाखवलेल्या संदेशाचा अर्थ एवढाच, की कोणत्याही अक्षराशी न जुळणारा १४१ क्रमांकाचा बाइट सापडला.

फाइल यूटीएफ-८ पद्धतीची आहे, आणि त्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचं असतं. लिबरऑफिस विंडोजवर स्वतःचा पायथन सोबत घेऊन येतं. स्क्रिप्टने फाइल कोणत्या पद्धतीने वाचायची ते सांगितलं नसेल, तर हा पायथन विंडोजची जुनी सोय उचलतो. भारतीय इंग्रजीवर बसवलेल्या विंडोजमध्ये ती सोय म्हणजे विंडोज-१२५२ नावाचा तक्ता. पश्चिम युरोपातल्या भाषांसाठी केलेल्या या तक्त्यात एका बाइटला एक अक्षर असतं, पण पाच जागा रिकाम्या आहेत: १२९, १४१, १४३, १४४ आणि १५७. हलन्ताचा शेवटचा बाइट १४१ असतो, ऱ्हस्व उकाराचा १२९, ‘झ’चा १५७, ‘ए’चा १४३ आणि ‘ऐ’चा १४४.

आता मालाची नावं पुन्हा वाचा. मूग, उडीद, सोयाबीन, तूर, हरभरा, गहू, करडई: एकातही जोडाक्षर नाही, ऱ्हस्व उकार नाही. ज्वारीत पहिलंच अक्षर जोडाक्षर आहे, आणि जोडाक्षर साठवताना मध्ये हलन्त येतो.

म्हणजे ज्वारी येईपर्यंत सगळं बरोबर चाललं होतं का? नाही, आणि माझ्या मते या प्रकरणात सर्वांत जास्त लक्ष द्यावं ते इथे. पायथन ‘तूर’ हा शब्द नऊ निरर्थक युरोपी चिन्हं म्हणून वाचत होता. पण तुरीच्या प्रत्येक नोंदीला तीच नऊ चिन्हं येत असल्याने बेरीज बरोबर पडत होती. नवी फाइल लिहिताना तोच तक्ता उलटा वापरला जाऊन मूळचेच बाइट परत उमटत होते, म्हणून फाइल उघडल्यावर ‘तूर’ नीटच दिसायची. दोन चुका एकमेकींना झाकत होत्या. स्क्रिप्टने तेच नाव कॅल्कच्या एखाद्या चौकटीत टाकलं असतं तर पहिल्याच दिवशी कचरा दिसला असता, कारण ही हद्द ओलांडताना उलटा तक्ता लागत नाही.

तालुक्यांच्या नावांवर हा प्रयोग करून बघा. लातूर जिल्ह्याचे दहाही तालुके, रेणापूरपासून शिरूर अनंतपाळपर्यंत, चुकीच्या तक्त्यातून एकाही तक्रारीशिवाय आत जातात. नांदेडच्या सोळांपैकी बारा जातात. मुखेड आणि मुदखेड उकारावर अडतात, अर्धापूर आणि धर्माबाद जोडाक्षरावर. लातूरच्या यादीवर तपासलेली स्क्रिप्ट नांदेडला पाठवली की तिकडून तक्रार येणार, आणि इकडचा माणूस म्हणणार, ‘आमच्याकडे तर चालते.’ म्हणून चाचणीच्या फाइलमध्ये ‘ज्वारी’, ‘मुखेड’, ‘झरी’, ‘एकूण’ असे शब्द मुद्दाम घालावेत.

उपाय एका शब्दाचा आहे. फाइल उघडताना आणि लिहिताना पद्धत यूटीएफ-८ अशी स्पष्ट सांगायची. पायथनच्या ३.१५ आवृत्तीपासून विंडोजवरही तीच पद्धत मूळ धरायचं ठरलं आहे, पण कार्यालयांतल्या आणि दुकानांतल्या संगणकांवर जुन्या आवृत्त्या पुढची कितीतरी वर्षं राहतील. एक्सेलमधून ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ म्हणून साठवलेली फाइल असेल तर आणखी एक अडचण येते. एक्सेल फाइलच्या आरंभी तीन बाइटांची न दिसणारी खूण ठेवतं. ती पहिल्या शीर्षकाला चिकटते, आणि डोळ्यांना ‘माल’ दिसत असूनही स्क्रिप्ट म्हणते, या नावाचा रकानाच नाही. पायथनमध्ये या खुणेसह वाचण्याची वेगळी पद्धत आहे, यूटीएफ-८-सिग. एक्सेलच्या फायलींना तीच लावावी.

लुआची तऱ्हा वेगळी. ब्राझीलमधल्या रिओच्या कॅथलिक विद्यापीठात १९९३ साली ही भाषा तयार झाली ती मुळात दुसऱ्या प्रोग्रामच्या आत बसण्यासाठीच; आज व्हीएलसी आणि वायरशार्कच्या आत ती आहे. लुआला मजकूर म्हणजे नुसते बाइट. ‘रेणापूर’ची लांबी विचारली तर ती २१ सांगते. २०१५च्या ५.३ आवृत्तीत आलेल्या यूटीएफ-८ संचाला विचारलं तर ७. वाचणाऱ्याला अक्षरं दिसतात चार. पावतीवर नाव दहा जागांत बसवायला लुआने दहा बाइटांवर कापलं, तर चौथ्या चिन्हाचा पहिलाच बाइट हाती राहतो आणि छापताना तिथे चौकोन उमटतो.

दुसरी मोठी तक्रार असते, ‘पॅकेज बसवलंय, तरी सापडत नाही.’ ते बसलेलं असतं संगणकावरच्या दुसऱ्या पायथनमध्ये. अशा वेळी आतल्या भाषेलाच विचारावं की तू कुठली, तुझी आवृत्ती कोणती: सिस मोड्यूलमधले प्रीफिक्स आणि व्हर्जन छापून बघावेत. एक्झिक्युटेबलवर मात्र विसंबू नये. विंडोजवर क्यूजीआयएससारख्या नकाशाच्या प्रोग्राममध्ये तिथे पायथनऐवजी यजमानाचाच पत्ता मिळू शकतो, आणि त्या पत्त्यावर वेगळी प्रक्रिया सुरू करायला गेलं की नकाशाची दुसरी खिडकी उघडते.

याचाच उग्र प्रकार म्हणजे प्रोग्राम सुरू होता होताच बंद पडणं आणि ‘एन्कोडिंग्ज नावाचं मोड्यूल नाही’ असा निरोप येणं. ते मोड्यूल शोधून आणून टाकण्यात वेळ घालवू नका. पायथन सुरू होताना सर्वांत आधी ज्या गोष्टी उघडतो त्यांत ते आहे, म्हणून पत्ता चुकला की पहिली तक्रार त्याचीच येते. बहुतेकदा दुसऱ्या कुठल्या सॉफ्टवेअरने विंडोजमध्ये पायथनहोम नावाचं चल ठेवून दिलेलं असतं. ते काढलं की प्रोग्राम उघडतो.

प्रोग्राम लिहिणाऱ्यांसाठी एक गोष्ट आवर्जून सांगतो. सुट्या स्क्रिप्टमध्ये शेवटी सिस-एक्झिट लिहिण्याची अनेकांना सवय असते. तीच स्क्रिप्ट आत बसवलेल्या पायथनला साध्या मार्गाने चालवायला दिली, तर ती ओळ स्क्रिप्टपुरती थांबत नाही. न साठवलेल्या कामासकट अख्खा यजमान प्रोग्राम बंद करते. लुआमध्ये पी-कॉलच्या संरक्षणाबाहेर चूक घडली तर परिणाम तोच. वापरणाऱ्याने लिहिलेल्या ओळीमुळे त्याचं स्वतःचं दिवसभराचं काम जाऊ नये, ही जबाबदारी यजमान लिहिणाऱ्याची आहे. त्याने प्रत्येक स्क्रिप्टभोवती चूक पकडणारं कवच घालावं आणि पकडलेली चूक दिनांकासह यूटीएफ-८ फाइलमध्ये नोंदवावी. पडद्यावर छापून भागत नाही, कारण खिडकीवाल्या प्रोग्राममध्ये छापलेलं अनेकदा कुठेच उमटत नाही.

पुढच्या भागात : स्क्रिप्ट चालू असताना खिडकी गोठते ती का, आणि स्क्रिप्ट मधेच थांबवायची सोय कशी ठेवावी.