दोन ग्राफिक्स कार्डे आणि दुप्पट वेगाचा हिशेब

संगणकाच्या पडद्यावरील प्रत्येक चित्र लक्षावधी ठिपक्यांचे बनलेले असते आणि त्या ठिपक्यांच्या रंगांचे गणित हजारो लहान गणनाकेंद्रांकडून एकाच वेळी करून घेणारा जो स्वतंत्र भाग मदरबोर्डवर बसवला जातो, त्याला ग्राफिक्स कार्ड म्हणतात. अशी दोन कार्डे बसवली तर वेग दुप्पट होईल, ही अपेक्षा स्वाभाविक असली तरी वेग किती वाढेल हे कार्डांच्या संख्येपेक्षा कामाच्या स्वरूपावर अवलंबून असते.

1998 मध्ये थ्रीडीएफएक्स कंपनीची ‘वूडू 2’ ही कार्डे जोडीने चालवता येत, तेव्हा पडद्यावरील आडव्या ओळी एकाआड एक वाटून घेतल्या जात. पुढे एनव्हिडियाने 2004 मध्ये ‘एसएलआय’ आणि एटीआयने 2005 मध्ये ‘क्रॉसफायर’ आणले, त्यांत बहुधा एक चौकट, म्हणजे हलत्या दृश्यातील एक स्थिर चित्र, पहिले कार्ड आणि पुढची चौकट दुसरे कार्ड रेखाटत असे. मात्र आधुनिक खेळांत नवी चौकट मागच्या चौकटीतील माहिती वापरून घडवली जाते, त्यामुळे एका कार्डाला दुसऱ्याची वाट पाहावी लागते. सेकंदाला 60 चौकटी म्हणजे प्रत्येकीला सुमारे 16.7 मिलिसेकंद, परंतु दोन कार्डांच्या चौकटी आलटून पालटून 8.3 आणि 25 मिलिसेकंदांनी आल्या, तर सरासरी तीच राहूनही दृश्य अडखळत चालल्यासारखे दिसते. शिवाय अशा जोडणीत दोन्ही कार्डांच्या स्मृतीत तीच माहिती ठेवावी लागते, म्हणून 8 जीबीची दोन कार्डे घेणाऱ्याला खेळासाठी 16 नव्हे, 8 जीबीच मिळते.

या अडचणींमुळे उत्पादकांनीच हा मार्ग सोडला. एनव्हिडियाने 2021 च्या आरंभापासून एसएलआयसाठी नव्या खेळांची जुळवणी पुरवणे थांबवले आणि 2022 च्या ‘आरटीएक्स 4090’ या महागड्या कार्डावरही जोडणीची खाच ठेवली नाही. खेळ आणि ग्राफिक्स कार्ड यांच्यातील दुवा असलेल्या ‘डायरेक्टएक्स 12’ने दोन कार्डांत काम वाटण्याची जबाबदारी खेळ लिहिणाऱ्यांवर सोपवली, पण ती फार थोड्यांनी उचलली.

याउलट, अनेक प्रक्रियक (प्रोसेसर) एकत्र जोडून मोठे गणित सोडवण्याची परंपरा महाराष्ट्राला परिचयाची आहे. पुण्याच्या सी-डॅक संस्थेने डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली 1991 मध्ये उभारलेला ‘परम 8000’ हा महासंगणक याच तत्त्वावर चालत असे आणि 2020 मध्ये जगातील वेगवान महासंगणकांच्या यादीत 63 वे स्थान मिळवणाऱ्या ‘परम सिद्धी-एआय’मधील प्रत्येक घटकयंत्रात आठ ग्राफिक्स प्रक्रियक आहेत. तेथे जोडणी सफल होते, कारण काम मुळात वाटण्याजोगे असते आणि आज्ञावल्याही त्या वाटपासाठीच लिहिलेल्या असतात. जीन अ‍ॅमडाल यांनी 1967 मध्ये मांडलेला नियम हेच सांगतो: ज्या भागाची वाटणी होत नाही, तो एकूण वेगाला मर्यादा घालतो. भाताची रोपलावण जास्त माणसे लावून लवकर उरकते, पण वाफ्यातील रोपे तयार होण्यास लागणारे दिवस माणसे वाढवून कमी होत नाहीत.

कोल्हापूर जिल्ह्यातील शाहूवाडी तालुक्याच्या ग्राहकाला याशिवाय विजेचाही विचार करावा लागतो. आंबा घाटाकडच्या गावांत पावसाळा दीर्घ आणि मुसळधार असतो, अशा दिवसांत वीज जाण्याची तयारी ठेवावीच लागते, आणि घरगुती वापरातील 600 व्हीएचा यूपीएस साधारण 360 वॉटपर्यंतच भार पेलतो. ‘आरटीएक्स 3090’चे एक कार्ड पूर्ण भारावर 350 वॉट घेते, दोन कार्डे 700 वॉट घेतील, म्हणजे नुसत्या कार्डांसाठी दहा तासांना 7 युनिट, आणि तेवढीच उष्णता त्या खोलीत साचेल. दुसऱ्या कार्डाबरोबर मोठा वीजपुरवठा, हवा खेळणारी पेटी आणि योग्य मदरबोर्ड यांचाही खर्च येतो, कारण स्वस्त मदरबोर्डवरील दुसऱ्या लांब खाचेत माहिती वाहून नेणाऱ्या मार्गिका अनेकदा चारच असतात. खेळण्यासाठी किंवा अभ्यासासाठी संगणक घेणाऱ्या कुटुंबाने हे सारे पैसे एकाच चांगल्या कार्डात आणि भरवशाच्या यूपीएसमध्ये घालावेत.

अपवाद खरे आहेत आणि ते उपजीविकेशी निगडित असल्याने महत्त्वाचे आहेत. मलकापूर किंवा बांबवडे येथे बसून ‘ब्लेंडर’ या आज्ञावलीत इमारतींची त्रिमितीय चित्रे तयार करणाऱ्या तरुणाला दोन कार्डांचा भरपूर लाभ होतो, कारण तेथे चित्राचे वेगवेगळे भाग स्वतंत्रपणे मोजता येतात, तसेच मोठे भाषाप्रारूप (लँग्वेज मॉडेल) घरच्या संगणकावर चालवताना त्याचे थर दोन कार्डांत विभागून ठेवता येतात, म्हणजे तेथे 24 जीबीची दोन कार्डे जवळपास 48 जीबीचे काम देतात. अशा ग्राहकाने खरेदीपूर्वी आपली आज्ञावली एकापेक्षा अधिक कार्डे वापरते की नाही हे तिच्या माहितीपुस्तिकेत तपासावे, आणि मदरबोर्डवरील दोन्ही खाचांना किमान आठ-आठ मार्गिका मिळतात याची खात्री विक्रेत्याकडून लेखी घ्यावी.