वेगाच्या शर्यतीबाहेरची गोळी

पॉइंट टू-टूच्या काडतुसाला सव्वाशेहून अधिक वर्षे झाली. या काळात त्याचा वेग वाढवण्याचे प्रयत्न पुन्हा पुन्हा झाले. अचूक नेमासाठी मात्र आजही संथ गोळीच निवडली जाते.

1887 मध्ये अमेरिकेतल्या स्टीव्हन्स कंपनीने .22 लाँग रायफल हे काडतूस आणले. पेटणारा मसाला बुडाच्या कडेत, त्यापुढे काळी दारू आणि टोकाला 40 ग्रेनची, म्हणजे जेमतेम 2.6 ग्रॅमची शिशाची गोळी. 1930 च्या सुमारास रेमिंग्टनच्या ‘हाय-स्पीड’ने वेगाची चढाओढ सुरू केली. सत्तरच्या दशकात सीसीआयच्या ‘स्टिंगर’ने हलकी गोळी सेकंदाला 500 मीटरपर्यंत नेली. रानातल्या शिकाऱ्यांना ती आवडली.

लक्ष्यावर नेम धरणारे तिकडे वळले नाहीत. ध्वनीचा वेग 20 अंश तापमानाला सेकंदाला सुमारे 343 मीटर असतो. त्याहून वेगाने सुटलेली गोळी वाटेत मंदावत ही सीमा ओलांडते, तेव्हा तिचा तोल ढळू शकतो. ध्वनीच्या वेगाजवळ हवेचा अडथळाही झपाट्याने वाढतो. म्हणून आडवा वारा या जलद गोळीला संथ गोळीपेक्षा जास्त ढकलतो. एली, लापुआ, आरडब्ल्यूएस या कंपन्यांची स्पर्धेची काडतुसे त्यामुळे सेकंदाला 330 मीटरच्या आसपासच थांबतात. गोळी ध्वनीच्या मागे राहिल्याने कानठळ्या बसवणारा कडाकाही होत नाही.

पन्नास मीटरवरच्या लक्ष्यात दहाचे वर्तुळ अवघे 10.4 मिलिमीटरचे असते. इथे नुसते कंपनीचे नाव पाहून भागत नाही. एकाच काडतुसाचे दोन लॉट, म्हणजे उत्पादनाच्या दोन खेपा, एकाच नळीतून वेगळे वागतात, म्हणून रायफल पकडीत बसवून लॉट तपासायचे आणि जमला तो साठवून ठेवायचा, ही शिस्त रुजली. 2010 मध्ये म्युनिकला प्रोनमध्ये, म्हणजे पालथे झोपून करायच्या नेमबाजीत, जगज्जेती ठरलेली कोल्हापूरची तेजस्विनी सावंत आणि 2024 मध्ये पॅरिस ऑलिंपिकच्या थ्री पोझिशनमध्ये 451.4 गुणांनी कांस्य जिंकणारा कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे याच पन्नास मीटरच्या खेळातले. त्यांच्या यशाचा अभिमान बाळगताना अशा तयारीचीही जाण हवी.

अलीकडे आवाज आणखी कमी करणारी काडतुसेही आली. सीसीआयच्या ‘क्वाएट-22’चा वेग सेकंदाला 216 मीटर. जवळच्या अंतरावर ती छान चालते; पण लांब अंतरावर गोळी बरीच खाली येते, आणि अनेक अर्धस्वयंचलित रायफलींचा बोल्ट तिच्या दाबाने पुरेसा मागे सरकत नाही. आवाज कमी झाला म्हणून धोका कमी होत नाही, हे तर कायम ध्यानात ठेवावे.

नव्या नेमबाजाने खोक्यावरच्या मोठ्या आकड्याला भुलू नये. अंतर ठरवावे, ध्वनीखालच्या वेगाचे दोन-तीन लॉट आपल्याच रायफलीतून झाडून पाहावेत आणि लक्ष्यावरच्या छिद्रांचा घोळका सर्वांत लहान येईल तो लॉट घ्यावा. या काडतुसाच्या इतिहासाने हाच निकष पुन्हा पुन्हा खरा ठरवला आहे.