दांडा, पाते आणि पाठ

खंडेनवमीला घरातली सगळी हत्यारे पाटावर मांडून त्यांना हळदकुंकू, झेंडूचे फूल वाहण्याचा आमच्याकडे रिवाज आहे. विळी, अडकित्ता, करवत, पान्हे, पकड, खुरपे, बागेतली कात्री असे सगळे एका रांगेत बसते. यंदा मांडामांड करताना माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीतून एक वेगळीच वस्तू निघाली. वीतभर लांबीचा गोल लाकडी तुकडा, त्याच्या टोकाला भाल्यासारखे चपटे पोलादी पाते आणि सोबत दोरी सैल पडलेली कमान. घरातल्या तरुण मंडळींपैकी कोणालाच ती ओळखता आली नाही. तो सामता होता. कमानीची दोरी लाकडाभोवती एक वेढा घालून गुंडाळायची, वरून नारळाच्या करवंटीने दाबायचे आणि कमान पुढेमागे ओढायची. लाकूड एकदा उजवीकडे फिरते, एकदा डावीकडे. आजच्या ड्रिलचे पाते एकाच दिशेने कापते. सामत्याचे पाते दोन्ही बाजूंनी घासलेले असल्यामुळे दोन्ही फेऱ्यांत कापते. कमानीच्या पुढेमागे होण्यातली एकही खेप त्यामुळे वाया जात नाही.

बाजारात किंवा संगणकाच्या पडद्यावर एखादे विचित्र दिसणारे अवजार दिसले की तो सामता आठवून मी आता एकच प्रश्न विचारतो. याचा आकार असा का आहे? विचित्र आकार हे बहुतेक वेळा एखाद्या नेमक्या कामाचे, नेमक्या मातीचे, नेमक्या बैठकीचे उत्तर असते. ते काम आपल्या घरी असेल तर त्या अवजाराला तोड नाही. नसेल तर ते कितीही देखणे असो, पुढच्या खंडेनवमीपर्यंत माळ्यावर जाणार. घरच्या बागेसाठी आणि छोट्या कार्यशाळेसाठी हाताची अवजारे पारखण्याचे काम मी गेली काही वर्षे आवडीने करतो आहे. त्यातून हाती लागलेले इथे मांडतो.

पहिली नजर धारेकडे जाते, आणि तिथेच बहुतेकांची फसगत होते. धार घरी लावता येते. खरी पारख होते ती मानेची, म्हणजे पाते आणि दांडा जिथे एकमेकांना भेटतात त्या सांध्याची. हा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे. नेवाशाजवळ प्रवरेकाठी चिरकी इथे अश्मयुगीन हातकुऱ्हाडी सापडल्या. गुद्रुन कोर्विनुस या जर्मन संशोधिकेने १९६०च्या दशकात तिथे उत्खनन केले. या हातकुऱ्हाडींना दांडा नाही. दगड थेट मुठीत धरायचा, त्यामुळे प्रत्येक घावाचा हिसका मनगटात यायचा. पुढे विदर्भात लोहयुगीन शिळावर्तुळांच्या काळात लोखंड आले तेव्हा तिथल्या लोहाराने दांड्याच्या प्रश्नाला स्वतःचे उत्तर शोधले. नागपूरजवळच्या माहुरझरी आणि नाईकुंड इथे १९७०च्या दशकात डॉ. शां. भा. देव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या कामातून चपट्या लोखंडी कुऱ्हाडी पुढे आल्या. त्यांना दांडा बसवायला भोक नाही. त्याऐवजी पात्याला दांड्याशी आवळून धरणाऱ्या, एकमेकींना छेदणाऱ्या लोखंडी कड्या आहेत. नाईकुंडला तर लोखंड गाळण्याची भट्टीही सापडली. अडीच हजार वर्षांहून जुन्या त्या कड्या पाहिल्या की वाटते, त्या कारागिराने दांडा निसटून कोणाला तरी इजा झालेली पाहिलेली असणार.

आजचे स्वस्त खुरपे किंवा बागेतले हातफावडे बहुतेक वेळा मानेशीच मोडते. पातळ पत्र्याची नळी, तिच्यात कोंबलेला लाकडी तुकडा आणि एक खिळा एवढाच तो सांधा असतो. काळ्या मातीत, पहिल्या पावसानंतर, मुळासकट हरळी उपटायला जोर लावला की पाते वाकते. त्यामुळे घेताना पाते जमिनीवर टेकवून दांड्यावर हलका भार द्यावा. मान जराही लवली, करकरली, तर ते परत ठेवावे. पात्याची शेपटी दांड्यातून आरपार जाऊन मागे ठोकून वळवलेली असेल, किंवा पाते आणि मान एकाच लोखंडातून घडवलेली असतील, तर त्याला जास्त पैसे मोजायला हरकत नाही. दांड्याचे लाकूडही पाहावे. बाभूळ, तिवस, धामण ही आपल्याकडची दांड्याची लाकडे. धामण लवचीक, हिसका गिळणारी. लाकडाच्या रेषा दांड्याच्या लांबीला समांतर धावत असल्या पाहिजेत. त्या तिरक्या जाऊन बाजूने बाहेर पडत असतील तर दांडा तिथेच फुटणार.

मानेनंतर पोलाद. कोकणापासून मराठवाड्यापर्यंत गावोगावचे लोहार कोयता करायला ट्रकचा जुना पाटा वापरतात, ते उगीच नाही. पाट्याचे पोलाद मुळात हजारो वेळा वाकून पुन्हा सरळ होण्यासाठीच बनवलेले असते. त्यात धार टिकण्याइतका कडकपणा येतो आणि घाव सोसण्याइतका चिवटपणाही राहतो. लोहार पाते लाल करून पाण्यात किंवा तेलात बुडवतो, त्याला पाणी देणे म्हणतात. नुसते पाणी दिलेले पोलाद काचेसारखे ठिसूळ असते, म्हणून त्याला पुन्हा थोडी ऊब द्यावी लागते. ही ऊब रंगावरून कळते. घासून चकचकीत केलेल्या पात्यावर साधारण २२० ते २३० अंश सेल्सिअसला फिकट गवती रंग चढतो, २५५च्या आसपास तपकिरी, २८०ला जांभळा आणि ३०० अंशांना निळा. गवती रंगावर थांबलेले पाते कडक, निळ्यापर्यंत गेलेले चिवट पण धारेला नरम. रस्त्यावरच्या विजेच्या चाकावर घाईघाईने धार लावून घेतल्यावर कडेला निळी रेघ दिसली, तर त्या साध्या पोलादी पात्याचे पाणी तिथे उतरले असे समजावे. ते मग कितीही पाजळले तरी दोन दिवसांत बोथट होते. घरी धार दगडावर, पाणी घालत, हाताने लावावी.

पोलादाची परीक्षा सोपी आहे. नव्या कानशीचा कोपरा पात्याच्या टोकाला, दिसणार नाही अशा जागी, हलकेच ओढावा. कानस घसरून गेली तर पाते कडक. साबणात रुतावी तशी रुतली तर ते साधे लोखंड आहे किंवा पाणी न दिलेले पोलाद. आठवडी बाजारात लोहाराकडून घेताना ही परीक्षा त्याच्यासमोर करावी. चांगला कारागीर रागावत नाही, उलट स्वतःच कानस पुढे करतो.

आता ज्या गोष्टीविषयी मला सर्वांत जास्त कळकळ आहे ती. दांड्याची लांबी. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात बीट आणि लेट्यूसच्या शेतात मेक्सिकन वंशाचे मजूर अनेक दशके आखूड दांड्याच्या कुदळीने खुरपणी-विरळणी करत. दांडा जेमतेम दोन फुटांचा. ते लोक तिला स्पॅनिशमध्ये ‘एल कोर्तितो’, म्हणजे ‘छोटी’, म्हणत. मालकांचे म्हणणे होते की रोपाजवळ वाकल्यावरच काम नेमके होते. त्यामागे आणखीही एक कारण होते. आखूड दांडा हातात असला की मजूर ताठ उभा राहिला म्हणजे थांबला, हे मुकादमाला लांबूनच दिसे. कमरेत वाकून दिवसभर काम करणाऱ्यांच्या पाठी कायमच्या गेल्या. मजुरांनी, त्यांच्या संघटनेने आणि वकिलांनी हे प्रकरण न्यायालयापर्यंत नेले, आणि १९७५ साली त्या राज्यात आखूड दांड्याची कुदळ बंद झाली. पुढे तेच काम लांब दांड्याने होऊ लागले. एका अवजाराची लांबी किती असावी हा माणसाच्या पाठीच्या हक्काचा प्रश्न ठरला.

आपल्याकडे खुरपणी उकिडवे बसून होते, कमरेत वाकून नव्हे. हा फरक मोठा आहे, पण गुडघे मात्र त्यातही झिजतात, आणि हे काम बहुतांशी बायकांच्या वाट्याला येते. म्हणूनच सायकल कोळपे मला फार मोलाचे वाटते. पुढे एक चाक, मागे दोन मुठी, मध्ये आडवे पाते. उभ्याने ढकलत, ओढत दोन ओळींमधले तण काढता येते. ओळीने लावलेल्या भाजीच्या वाफ्यात त्याच्याइतके उपयोगी काही नाही. रोपाच्या अगदी बुडाशी आणि कुंडीत मात्र खुरपेच हवे. बागेत दोन्ही ठेवावीत. उभ्याने होईल ते उभ्याने करावे, उरलेल्यासाठीच बसावे.

मुठीची जाडीही मोजण्याजोगी आहे. अमेरिकेच्या सरकारी संस्थांनी २००४ साली हाताच्या अवजारांविषयी एक मार्गदर्शिका काढली. जोराच्या कामाची मूठ साधारण ३२ ते ५१ मिलिमीटर व्यासाची, नाजूक कामाची ६ ते १३ मिलिमीटरची असावी, असे ती सांगते. पकड किंवा कात्रीसारख्या दोन हँडलांच्या अवजारात उघडल्यावर हँडलांमधले अंतर ८९ मिलिमीटरांहून जास्त नको. ही मापे तिकडच्या हातांची. लहान हातांना जाड छाटणी-कात्री लवकर थकवते, म्हणून जी व्यक्ती छाटणी करणार आहे तिनेच ती दुकानात दहा वेळा उघडझाप करून पाहावी. नवऱ्याने आणलेली कात्री बायकोच्या हाताला न बसण्याचे प्रकार मी घरोघर पाहिले आहेत.

परदेशी अवजारांकडे सध्या मोठा ओढा आहे. जपानी करवत ओढताना कापते, ढकलताना नाही. ओढताना पाते ताणलेले राहते, वाकत नाही, म्हणून ते पातळ करता येते आणि काप अगदी बारीक पडतो. जमिनीवर बसून, पायाने लाकूड दाबून काम करणाऱ्याला ही ओढ सोयीची पडते. पण आजकाल मिळणाऱ्या बहुतेक करवतींचे दात विजेच्या उष्णतेने इतके कडक केलेले असतात की ते कानशीने पुन्हा घासता येत नाहीत. मी अशी एक करवत हौसेने मागवली आणि बाभळीच्या गाठीवर चालवली. चार दात गेले. देवदारासारख्या नरम लाकडासाठी घडलेले ते पाते होते. सागवानात तर सिलिका असते, त्यामुळे धार तसेही लवकर जाते. कानशीने धार लावता येणारी आपली साधी करवत सागवानाला आणि बाभळीला बरी. नाजूक सांध्यांसाठी जपानी करवत जरूर ठेवावी.

होरी-होरी नावाचा जपानी बागकामाचा सुरा दगडगोट्यांच्या मुरमाड जमिनीत उत्तम चालतो. पन्हळीसारखे पाते, एका बाजूला दाते. चिकण काळ्या मातीत मात्र ती पन्हळ मातीने भरून जाते आणि दर दोन घावांनी खरवडावी लागते.

आपल्याच घरातली दोन अवजारे या पारखीत पहिल्या ओळीत बसतात. विळीचे पाते स्थिर असते आणि भाजी हलते, त्यामुळे दोन्ही हात मोकळे राहतात. पाट पायाने दाबलेला असतो, म्हणजे अंगाचे वजन शिकंजाचे काम करते. गोव्यात तिला आदोळी म्हणतात, टोकाला नारळ खवण्याची चकती असते. दुसरा अडकित्ता. बिजागरी टोकाला, सुपारी तिच्याजवळ, हात लांबच्या टोकाला. सुपारी बिजागरीपासून ३ सेंटिमीटरवर आणि हात १५ सेंटिमीटरवर असेल तर जोर पाचपट होतो. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अडकित्त्यांचे जे नाना आकार आहेत ते पाहायला एक दुपार राखून ठेवावी. दिनकर केळकरांनी (१८९६–१९९०) घरगुती वापराच्या वस्तूंत कला आहे हे ओळखून आयुष्यभर त्या जमवल्या. गोव्यात बाणावलीला व्हिक्टर ह्यूगो गोमिश यांनी २००९ साली उघडलेले ‘गोवा चित्र’ शेती आणि कारागिरीच्या जुन्या अवजारांसाठीच आहे.

कोकणातली आकडीही अशीच एका नेमक्या कामासाठी घडलेली. कमरेला दोरीने बांधायचा, मागे कोयता अडकवायचा लाकडी आकडा. माडावर चढताना दोन्ही हात मोकळे आणि धार अंगापासून दूर. आंबे उतरवायचा झेलाही असाच नेमक्या कामाचा. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने त्यात सुधारणा करून ‘नूतन झेला’ काढला. त्याचे पाते आंबा देठासकट कापते. देठ राहिला की चीक सालीवर सांडत नाही, डाग पडत नाही आणि देठाकडून कुजण्याचा धोका कमी होतो. बांबूच्या टोकावरचा हा छोटा बदल आहे, पण हापूसच्या पेटीचा दर त्यावर ठरतो.

सामत्याचा उपयोग सांगणारे आमच्या घरात आता कोणी नाही. एका जुन्या सुतारकाकांनी तो चालवून दाखवला म्हणून त्याचे काम कळले. तुमच्या माळ्यावरही अशी एखादी पेटी असेल. या दिवाळीत ती खाली काढा. गंजावर रॉकेलचा बोळा फिरवा, दांड्याला जवसाचे तेल लावा. मग घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला विचारा की हे काय, कशासाठी, ते कसे धरायचे, धार कोणत्या बाजूने लावायची. सांगतील ते त्यांच्याच शब्दांत एका चिठ्ठीवर लिहा आणि ती चिठ्ठी त्या अवजाराला दोऱ्याने बांधून ठेवा.