माईक गेला की वाट बुजली?

हिंगोली जिल्ह्यात हळद काढून झाली म्हणजे काम संपलं असं होत नाही. मग शिजवणी येते, पुढे वाळवण आणि शेवटी पॉलिशचा ड्रम. ड्रम फिरायला लागला की हळकुंडांवरची साल, बारीक मुळ्या आणि माती यांचा पिवळा धुरळा उठतो. शेजारी उभा असलेला माणूस नाकाला रुमाल बांधतो. सदऱ्याच्या खिशातल्या फोनला मात्र कोणी काही बांधत नाही. आणि नेमका याच दिवसांत फोन सर्वांत जास्त चालतो. वसमतच्या मोंढ्यात आज काय भाव फुटला, हिंगोलीला आवक किती, गाडी कधी येणार, पोती कोणाकडे मिळतील, सगळं फोनवरच. अशात एके दिवशी पलीकडून पुतण्या ओरडतो, ‘काका, तुमचा आवाजच येईना बघा!’ काकांना त्याचा आवाज स्वच्छ येत असतो, म्हणून ते आणखी मोठ्यानं बोलतात. उपयोग शून्य.

हळदीचंच नाव घ्यायला नको. ऑक्टोबरात सोयाबीनची मळणी होते तेव्हा भुसकट उडतं, नंतर कापूस वेचताना तंतू कपड्यांना चिकटतात, आणि खिशात तर बाराही महिने सुताचा मळ असतोच. त्यात घाम मिसळला की फोनच्या तळाशी असलेल्या बारीक छिद्रात घट्ट लेप बसतो. दुकानात गेलं की ‘माईक गेलाय, बदलावा लागेल’ हे उत्तर फार लवकर मिळतं. माझं म्हणणं एवढंच, की हे उत्तर सगळ्यात शेवटी यायला हवं. फोनचा माईक हा तसा चिवट भाग आहे. तो स्वतः मरण्याआधी त्याच्याकडे जाणारी वाट बुजते, एखादी सेटिंग त्याला गप्प करते, किंवा तो ज्या पट्टीवर बसवलेला असतो ती पट्टी दगा देते. म्हणून शोध बाहेरून आत, आणि फुकटाकडून खर्चाकडे जावा.

पहिली परीक्षा घरबसल्या होते. फोन विमान मोडवर टाका, ब्लूटूथ बंद करा, कव्हर काढा आणि फोनमधल्या रेकॉर्डरवर दोन वाक्यं बोलून ऐका. रेकॉर्डरला नेटवर्क लागत नाही, हीच यातली खुबी. रेकॉर्डिंग स्वच्छ असेल तर माईकवरचा आरोप बराचसा सुटला, कारण दोष टॉवरचा किंवा सिमचा असू शकतो. शिवारात आवाज तुटतो त्यातला पुष्कळ भाग याच खात्यात जमा होतो, आणि माईक बदलून तो तुटायचा थांबत नाही. रेकॉर्डिंग नीट, साधा कॉलही नीट, पण व्हॉट्सॲपवर मात्र तुमचा आवाज जात नाही, असं असेल तर त्या ॲपची परवानगी तपासा. अँड्रॉइडमध्ये २०१५ पासून प्रत्येक ॲपला माईकची परवानगी वेगळी द्यावी लागते. बरेच दिवस न वापरलेल्या ॲपची परवानगी पुढच्या आवृत्त्यांमध्ये फोन आपण होऊन काढूनही घेतो. २०२१ च्या अँड्रॉइड १२ पासून तर वरून खाली ओढायच्या पडद्यात अख्खा माईक बंद करणारं बटण ठेवता येतं. घरातल्या पोरानं खेळता खेळता ते दाबलं की ॲपला नुसती शांतता ऐकू येते, आणि आपण दुकान गाठतो.

ब्लूटूथ बंद करायला सांगितलं तेही उगाच नाही. ट्रॅक्टरवरच्या साउंडला फोन एकदा जोडला, की ट्रॅक्टर जवळ आला म्हणजे तो पुन्हा आपोआप जोडला जातो. मग कॉल तिकडच्या माईककडे वळतो, आणि आपण मात्र तोंडाशी धरलेल्या फोनमध्ये बोलत राहतो. तसंच इयरफोनचं छिद्र असलेल्या फोनमध्ये त्या छिद्रात ओल किंवा कचरा गेला की फोनला वाटतं इयरफोन लावलाय. पडद्यावर इयरफोनचं चिन्ह दिसतं आणि फोनचा स्वतःचा माईक बाजूला पडतो. छिद्र वाळलं, साफ झालं की काम होतं.

हे सगळं करूनही रेकॉर्डिंग दबलेलं किंवा मुकंच येत असेल तर फोन उलटा करा आणि टॉर्चच्या उजेडात तळ बघा. चार्जिंगच्या खाचेशेजारी ओळीनं अनेक छिद्रं किंवा जाळी असेल तो स्पीकर. एकटंच बारीक गोल छिद्र असतं तो माईक. इथेच सर्वांत मोठा घात होतो. सिमचा कप्पा उघडायचं छिद्रही दिसायला तसंच असतं, आणि काही फोनमध्ये दोन्ही जवळजवळ असतात. सिम बदलायच्या घाईत पिन माईकच्या छिद्रात खुपसली जाते, कप्पा उघडत नाही म्हणून आणखी जोर लावला जातो. ओळखायची खूण सोपी आहे. सिमच्या छिद्राभोवती कप्प्याची लांबट रेघ असते, माईकच्या छिद्राभोवती काही नसतं. कानातली डूल, सुई, टाचणी, दात कोरायची काडी यांपैकी काहीही त्या छिद्रात घालू नये.

का घालू नये ते आतली रचना कळली की पटतं. जुन्या बटणांच्या फोनमध्ये दोन पायांचा, बटणासारखा गोल माईक असायचा. त्याची मूळ कल्पना अमेरिकेतल्या बेल लॅबोरेटरीत जेम्स वेस्ट आणि गेरहार्ड सेस्लर यांनी १९६२ मध्ये साकारली: कायमचा विद्युतभार धरून ठेवणारा पातळ पडदा, जो आवाजानं हलला की विद्युत संकेत तयार होतो. स्वस्त आणि दणकट असल्यामुळे तो कॅसेट रेकॉर्डरपासून टेलिफोनपर्यंत सगळीकडे पोचला. स्मार्टफोनमध्ये त्याची जागा सिलिकॉनवर कोरलेल्या माईकनं घेतली. याची डबी तीन-चार मिलिमीटर लांब आणि उंचीला मिलिमीटरभर. आत सिलिकॉनचा एक पडदा, जाडी साधारण एक मायक्रॉन किंवा त्याहून कमी, आणि त्याच्यासमोर छिद्रांची एक स्थिर पट्टी. आपण बोललो की पडदा आणि पट्टी यांच्यातलं अंतर नॅनोमीटरच्या मापात कमी-जास्त होतं, आणि शेजारची चिप त्या फरकाचे विद्युत संकेत करते. आवाजाची वाट अशी: बाहेरचं छिद्र, मग जाळी, रबराची गादी, आणि कित्येक फोनमध्ये खालच्या सर्किट पट्टीतलंच एक भोक. यात कुठेही लेप बसला की आवाज खोल विहिरीतून आल्यासारखा होतो. पिन घातली तर जाळी फाटते, गादी सरकते, आणि वॉटरप्रूफ फोन असेल तर पाणी अडवणारा पातळ पापुद्राच जातो. बुजलेली वाट मोकळी करता येते, फाटलेला पडदा जोडता येत नाही.

सफाईसाठी फोन बंद करून छिद्र जमिनीकडे ठेवावं आणि कोरड्या, मऊ टूथब्रशनं हलकेच झाडावं. मळ सुटून खाली पडला पाहिजे, आत जाता कामा नये. चिकटपट्टीचा तुकडा छिद्रावर दाबून उचलला तरी वरवरचा धुरळा निघतो. तोंडानं फुंकर मारली की वाफ आत जाते. पंक्चरच्या दुकानातली हवा मारणं हा तर आपल्याकडचा लाडका उपाय, आणि तोच सर्वांत घातक. माईक बनवणाऱ्या कंपन्याच छिद्रावर दाबाची हवा मारू नका असं बजावतात. एका झोतात पडदा फाटू शकतो. पॉलिशचं काम चालू असताना फोन प्लास्टिकच्या पिशवीत ठेवावा, एवढं केलं तरी पुष्कळ.

पाण्याचं दुखणं वेगळं. पावसात भिजलेल्या फोनचा आवाज दबतो, कारण जाळीवर पाण्याचा थेंब पडद्यासारखा धरून बसतो. फोन बंद करून, छिद्र खाली करून, हवेशीर जागी ठेवला तर पुष्कळदा दुसऱ्या दिवशी आवाज मोकळा होतो. तांदळाच्या डब्यात फोन ठेवण्याचा उपाय आता घरोघर माहीत आहे. ॲपलनं तर २०२४ मध्ये आपल्या ग्राहकांना तसं करू नका असं लेखी सांगितलं, कारण तांदळाचे बारीक कण आत जाऊन आणखी बिघाड करू शकतात. माझ्या मते तांदूळ भातासाठीच बरे.

आता एक गंमत. आजच्या बहुतेक स्मार्टफोनला एक नाही, दोन किंवा तीन माईक असतात. तळाचा मुख्य, वरच्या कडेला दुसरा, आणि कधी मागच्या कॅमेऱ्याजवळ तिसरा. तळाच्या माईकला आपला आवाज मोठा ऐकू येतो, वरच्याला बारीक. ट्रॅक्टरची धडधड मात्र दोघांना जवळपास सारखीच. फोन दोन्हीकडचं ऐकून सारखं असेल ते वजा करतो, आणि उरतो तो आपला आवाज. म्हणून वरचं छिद्र कव्हरनं झाकलं गेलं तरी तक्रार येते: आवाज जातो, पण चिरका, अर्धवट, मध्येच गडप. लोक तळाचा माईक साफ करत बसतात आणि दोष वरच्या टोकाला असतो. तपासायचं असेल तर साधा कॉल, स्पीकरवरचा कॉल, पुढच्या कॅमेऱ्यानं व्हिडिओ आणि मागच्या कॅमेऱ्यानं व्हिडिओ असे चारही प्रकार करून बघावेत. फोन प्रत्येक वेळी वेगळा माईक पुढे करतो, त्यामुळे कोणता गप्प आहे ते कळतं. शाओमी-रेडमीच्या फोनवर *#*#६४८४#*#* हा क्रमांक फिरवला तर कंपनीचीच तपासणी यादी उघडते आणि त्यात माईकची चाचणीही असते.

दोन कानांची हीच युक्ती आपल्या जिल्ह्यात फार मोठ्या मापावर येऊ घातली आहे. औंढा नागनाथ तालुक्यात दुधाळ्याला लायगो-इंडिया ही वेधशाळा उभी राहते आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं २,६०० कोटी रुपयांच्या या प्रकल्पाला मंजुरी दिली. काटकोनातल्या चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, त्यात लेसरचा झोत, आणि काम अंतराळातून येणाऱ्या गुरुत्वीय लहरी टिपण्याचं. या लहरी म्हणजे आवाज नव्हे, हे आधी सांगायला हवं. पण १४ सप्टेंबर २०१५ रोजी पहिल्यांदा टिपलेल्या लहरीची कंपनं सेकंदाला ३५ पासून २५० पर्यंत चढत गेली होती, म्हणजे माणसाच्या कानाला ऐकू येणाऱ्या पट्ट्यातच. म्हणून शास्त्रज्ञांनी ती ध्वनीत रूपांतरित करून जगाला ऐकवली. सगळा प्रकार सेकंदाच्या पाचव्या भागात आटोपला, आणि भुजांच्या लांबीत पडलेला फरक प्रोटॉनच्या रुंदीच्या जेमतेम हजाराव्या भागाएवढा होता. एवढं बारीक ऐकायचं तर दुरून जाणारा ट्रकसुद्धा गोंगाट ठरतो. म्हणून अमेरिकेत लायगोची सुमारे तीन हजार किलोमीटर अंतरावर दोन केंद्रं आहेत. एकालाच जाणवलं ते आसपासचं, म्हणून सोडून द्यायचं. दोघांना काही मिलिसेकंदांच्या फरकानं सारखंच जाणवलं तर ते आकाशातलं. फोन नेमकं उलटं करतो, दोघांना सारखं ऐकू आलं ते टाकून देतो. हिशेब एकच, वजाबाकीचा.

सगळं करूनही मुख्य माईक मुका राहिला तर दुकान गाठावंच लागतं. तिथे एक गोष्ट माहीत असलेली बरी. बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये तळाचा माईक चार्जिंगच्या छोट्या पट्टीवरच असतो. तिला कारागीर सब-बोर्ड म्हणतात, आणि ती एका चपट्या वायरनं मुख्य बोर्डाला जोडलेली असते. त्यामुळे माईक बंद आणि चार्जिंगही अडखळतं, अशी जोडतक्रार असेल तर दोष त्या पट्टीत किंवा वायरीत असण्याची शक्यता मोठी. चार्जिंगची खाच नुकतीच बदलून आणली आणि तेव्हापासून आवाज जात नाही, असं असेल तर त्याच दुकानात परत जा. वायर नीट बसली नसेल, पट्टी हलकी असेल, किंवा सोल्डरिंगच्या उष्णतेत फ्लक्स माईकच्या भोकात उतरला असेल. चांगला कारागीर आधी दुसरी पट्टी नुसती लावून बोलून दाखवतो, आणि मगच जुनी काढायची की नाही ते ठरवतो. जो फोन न उघडताच ‘आयसी उडालाय’ म्हणतो, त्याच्याकडून फोन परत घ्यावा. पैसे आधी ठरवा, जुना भाग परत मागा, आणि फोनचं कुलूप उघडायची खूण सांगण्यापूर्वी बँकेची ॲप लपवा. काही कंपन्यांच्या फोनमध्ये दुरुस्तीसाठी वेगळा मोड असतो. तो सुरू केला की कारागिराला फोटो आणि संदेश दिसत नाहीत. फोन वॉरंटीत असेल तर गल्लीतल्या दुकानात उघडू नये. कंपनीनं टाळाटाळ केली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. केंद्राच्या ग्राहक विभागानं डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी संकेतस्थळही सुरू केलं आहे. कंपन्यांची दुरुस्तीची माहिती एका ठिकाणी मिळावी हा त्यामागचा हेतू.

या छोट्या छिद्राला एवढी जागा दिली, कारण माईक गेला की सगळ्यांचं सारखंच अडत नाही. ज्याला टाइप करता येतं त्याचं अर्धं काम चालू राहतं. बंजारा तांड्यावरची आजी गोरबोलीत बोलते आणि त्या बोलीला स्वतःची लिपी नाही. ऊसतोडीला गेलेल्या लेकाला तिचा निरोप जातो तो व्हॉइस नोटनंच. शाळा अर्धवट सोडलेला माणूस नकाशा शोधतो, व्हिडिओ शोधतो तेही बोलून. त्यांचा फोन मुका झाला तर लिहिण्याचा दुसरा रस्ता त्यांच्याकडे नसतो.

दुरुस्तीला पैसे नसतील आणि हळद अजून पोत्यातच असेल तर मधला मार्ग आहे. माईक असलेला वायरचा साधा इयरफोन लावा, म्हणजे कॉल फोनचा माईक सोडून वायरीवरच्या माईकनं चालतो. तेही जवळ नसेल तर स्पीकर सुरू करून फोनच्या वरच्या टोकाशी बोलून पाहा. तळाचा माईक गेलेला असला तरी कित्येक फोन अशा वेळी वरच्याचा वापर करतात. मोंढ्यात मात्र हा उपाय जपून करावा, व्यापाऱ्यानं सांगितलेला भाव अख्ख्या ओट्याला ऐकू जातो.